थंड झालेल्या डब्या

प्रेमला तशी जन्माचीच काळजीवाली. घराला कुलूप लावून दहा पावलं गेली की परत यायची, कुलूप ओढून बघायची, मग पुन्हा निघायची. एकदा तर गॅस बंद केलाय का ते बघायला चालू बसमधून दोन स्टॉप आधी उतरून माघारी आली. गल्लीतली पोरं हसायची तिला. हसणाऱ्यांचं काय जातंय. विश्रांतवाडीत विहाराच्या मागं तिच्या दोन खोल्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा प्रज्ञेश नोकरीला नाशकात, आणि घरात एकटी सासू, गोदाबाई. अठ्ठ्याहत्तर वय, अंगात साखर, आणि विसरभोळी. सकाळी साडेसहाला प्रेमला बाहेर पडायची ती संध्याकाळी पाचलाच घरी. मधले दहा तास तिचा अर्धा जीव घरात असायचा.

कामाला होती वाघोलीला, प्लास्टिकच्या एका शेडमध्ये. अकरा वर्षं एकाच मशीनवर. मशीन म्हणजे काय, वरून साबुदाण्यासारखा पांढरा दाणा टाकायचा, तो आत वितळतो, आणि साच्यात दाबला जातो. अर्ध्या मिनिटाला एक डबी खाली ट्रेमध्ये पडते. गोळ्या ठेवायची डबी, चार खणांची. सकाळची गोळी, दुपारची, संध्याकाळची, झोपतानाची. वर एक झाकण. आता गंमत अशी की झाकण वेगळं बसवायचं नाही. डबी आणि झाकण एकाच अंगाचं, सलग, मध्ये फक्त कागदाइतकी पातळ पट्टी. तीच बिजागरी. ना खिळा, ना तार.

आणि प्रेमलाचं काम त्या पट्टीचं. डबी उघडी पडली की ऊन-ऊन आहे तोवर उचलायची आणि झाकण दोनदा पूर्ण मिटायचं, उघडायचं. मनात सात म्हणेपर्यंत हे झालं पाहिजे. सातच्या पुढं गेली, गार झाली, तर ती डबी ग्राइंडरमध्ये टाकायची. चुरा करायला. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, तर श्यामसुंदर साहेब, म्हणजे शेडचे मुख्य, म्हणाले होते, "अहो प्रेमलाबाई, कारण कळलं म्हणून पगार वाढत नाही. घडी घाला." ती घालत राहिली. बोटांच्या टोकांना घट्टे पडले. कधी चूक नाही.

मग गेल्या वर्षी कल्याणी आली. चोवीस-पंचवीसची पोरगी, प्लास्टिकचंच शिकलेली, माल तपासायला ठेवलेली. जेवायला बायकांत येऊन बसायची. एक दिवस प्रेमलानं तिला विचारलं, तर ती पोरगी डबा बाजूला ठेवून सांगायलाच बसली.

"काकू, या दाण्याच्या आत नुसते धागे असतात. लांबच लांब. वितळला की सगळे एकमेकांत गुंतलेले, पातेल्यातल्या शेवयांसारखे. गार व्हायला लागला की धागा स्वतःवरच निऱ्या घालायला लागतो. तुम्ही साडीला घालता ना, तशाच. त्या निऱ्यांचे गठ्ठे होतात. गठ्ठ्याला गठ्ठा लागून बसतो."

"केवढाल्या निऱ्या?"

"केसाचे उभे दहा हजार भाग करा. त्यातला एक भाग, एवढी एक निरी."

"तू बघितल्यास?"

"फोटो बघितलेत."

"म्हणजे तू पण ऐकीवच," नंदा म्हणाली. नंदा शेजारच्या मशीनवर असायची. तिला कुणाचं काही पटकन पटत नाही.

कल्याणी हसली, पण सोडलं नाही तिनं. म्हणाली, "गठ्ठे आतून घट्ट असतात. पण एका गठ्ठ्यातून दुसऱ्या गठ्ठ्यात जाणारे धागे थोडेच. डबीच्या भिंतीला ते चालतं, भिंत वाकवायची नसते. पट्टी मात्र रोज वाकणार. तुम्ही डबी ऊन असताना झाकण मिटता तेव्हा काय होतं, पट्टी ताणली जाते, निऱ्या उलगडतात आणि धागे आडवे पडतात. इकडून तिकडं, सगळे एका दिशेला, विंचरलेल्या केसांसारखे. मग लाख वेळा उघडा-मिटा, तुटत नाही. गार झाल्यावर मिटलं तर निऱ्या बसून गेलेल्या असतात. धागे उलगडत नाहीत, गठ्ठ्यांच्या मध्ये चीर पडते. दिसत नाही हो ती. पण पडते."

कोपऱ्यात रिकामी गोणी होती, दाणा येतो ती. कल्याणीनं ती ओढून आणली. "ही बघा. ही पण याच दाण्याची. तोंडाला बांधलीय ती सुतळी पण याचीच. हिच्या पट्ट्या ओढून ओढून काढतात, सगळे धागे लांबीला लावतात, म्हणून पंचवीस किलो झेलते. दाणा तोच. आतली मांडणी वेगळी, एवढंच."

नंदानं गोणी ताणून बघितली आणि "असेल बाई" म्हणून ताकाचा घोट घेतला. पण प्रेमलाचं त्या दिवसापासून बिघडलं. आधी ती सवयीनं घडी घालायची, मन घरी असायचं. आता डबी हातात आली की तिला वाटायचं, आत धागे निऱ्या घालायला बसलेत, मी जरा रेंगाळले की बसल्याच. सात ऐवजी ती पाचच म्हणायला लागली. शिंक आली तरी जीव दचकायचा. तरी कल्याणीला ती कधी म्हणाली नाही, की बाई कशाला सांगितलंस मला.

तो गुरुवार होता. सव्वाअकराला कमरेला खोचलेला फोन थरथरला. शेजारची मैना.

"जय भीम प्रेमला. घाबरू नको हं."

झालं. एवढं म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार. पुढचं काही ऐकू येईना. वर पत्रा, आत मशीनचा धडधडाट, रेंज गेटपाशीच. मशीन बंद करायचं तर त्याला हात फक्त श्यामसुंदर साहेबांनी लावायचा, आणि ते आत ऑफिसात गिऱ्हाइकाशी बोलत होते. मध्येच बंद पडलं तर आतला माल जळतो, साफ करण्यात दिवस जातो, हे त्यांनी सगळ्यांना दहादा बजावलेलं. नंदाचे दोन्ही हात कामात. प्रेमलानं एकदा ट्रेकडं बघितलं आणि गेटकडं पळाली.

झालेलं असं, की गोदाबाईंनी साखरेची सकाळची गोळी घेतली, विसरल्या, पुन्हा घेतली. मग दहाला चहा पिताना दुपारची समजून अजून एक. दारात बसल्या-बसल्या घामानं भिजल्या, हात कापायला लागले. मैनानं बघितलं म्हणून बरं. साखरपाणी पाजलं, तोंडात गूळ घातला.

"आता बोलतायत. दे म्हणतायत फोन."

"आई?"

"मला काय झालं नाय. ही मैना उगं गाव गोळा करती. तू तुझं काम कर."

"आई, हात दाखवा मैनाला. कापतोय का?"

"फोनवर तुला कसा दिसंल माझा हात?"

पुन्हा मैनाला घेतलं, पुन्हा सगळं पहिल्यापासून विचारलं. घाम थांबला का, डोळे नीट आहेत का, डॉक्टरना फोन केला का. डॉक्टरांनी अर्ध्या-अर्ध्या तासानं साखर तपासायला सांगितली होती, मैना बसून राहते म्हणाली. प्रेमलानं फोन ठेवला. आणि मग तिला ट्रे आठवला.

आत आली तर डब्यांचा ढीग. सगळ्या उघड्या, आडव्यातिडव्या. वरच्या दोन-तीन चाचपल्या, कोमट होत्या. खालची गार. त्याच्या खालची तर दगड.

नियम साधा होता. सगळ्या ग्राइंडरमध्ये. पण मग कारण सांगावं लागलं असतं, आणि तेवढ्यात ऑफिसचं दार उघडलं, श्यामसुंदर साहेब बाहेर आले. प्रेमलाच्या हातांनी तिला विचारलंच नाही. टक, टक, टक. एकेक डबी दोनदा मिटली आणि क्रेटमध्ये टाकली, चांगल्यांच्या वर. नवीन पडत होत्या त्या मधे-मधे. साहेब पाठीमागून गेले.

"आज वेग वाढलाय प्रेमलाबाई. मशीन मागं पडेल."

ती हसल्यासारखं करून खाली बघत राहिली. ते गेल्यावर तिनं क्रेटमध्ये बघितलं. सगळ्या सारख्या. तीच चकाकी, तेच वजन, तीच पातळ रेघ. कुठली कुठली, तिला स्वतःला सांगता येईना.

क्रेट भरला, दोनशे चाळीस डब्या. नंदानं त्यावर चिठ्ठी चिकटवली आणि दाराशी पाच क्रेट रचले होते त्यांच्यावर नेऊन ठेवला. चार वाजता टेम्पो यायचा होता. रविवारी एक संस्था म्हाताऱ्या माणसांना या डब्या वाटणार होती, आत गोळ्या भरून. ज्यांना आठवत नाही त्यांना. तासाभरापूर्वी प्रेमला एवढंच म्हणाली असती, की बरं करतायत. आता तिला दिसायला लागलं, कुणीतरी गोदाबाईसारखी, झाकण हातात आलंय, चार खणांतल्या गोळ्या मांडीवर सांडल्यात, आणि ती त्या अंदाजानं पुन्हा भरतेय.

दोन तास ती घड्या घालत राहिली आणि तो क्रेट बघत राहिली. मैनाचे दोन निरोप आले, साखर वर आली, जेवल्या, झोपल्या. ती काळजी खाली बसली तशी ही वर आली.

जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडलाच नाही. दाराशी जाऊन वरच्या क्रेटमधून तीन डब्या घेऊन आली आणि मांडीवर ठेवून एक उघडायला-मिटायला लागली.

"काय चाललंय?" नंदानं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही तर भाकरी खा."

"एकोणीस, वीस, एकवीस..."

अडतिसाव्या वेळी पट्टीवर पांढरी रेघ उमटली, नखानं ओढल्यासारखी. प्रेमला मोजत राहिली. चोपन्नाव्या वेळी झाकण तिच्या हातात आलं. आवाज पण झाला नाही.

नंदा घास हातात धरून बघत राहिली. मग प्रेमलानं तिला सगळं सांगितलं. मैनाचा फोन, गेट, ढीग.

नंदा चहूकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "प्रेमलाताई, एक निघाली म्हणून सगळ्या निघतील असं आहे का? आणि त्यावर तुझं नाव लिहिलंय का? झाकण तुटलं तर लोक डबीला शिव्या देतात, वाघोलीला कोण शोधत येतंय. गप खाऊन घे."

"माझ्या घरी आज काय झालं ते ऐकलंस ना?"

"ते गोळ्यांनी झालं. डबीनं नाही."

"डबी नव्हती म्हणूनच झालं."

नंदानं हातातला घास खाली ठेवला. प्रेमलानं दुसरी डबी घेतली. तिचे शंभर झाले, दीडशे झाले, दोनशे झाले, काही नाही, उलट पट्टी मऊ पडली. ही चांगली. तिसरीला एकसष्टाव्या वेळी पांढरी रेघ आली. म्हणजे मिसळल्यात हे नक्की. तुटलेली डबी घेऊन ती उठली. कामावरून काढतील, हे तिनं धरलंच होतं. अकरा वर्षं झालीत, पन्नाशीच्या बाईला कोण घेणार, प्रज्ञेशला काय सांगायचं, हे सगळं ऑफिसच्या दारापर्यंतच्या वीस पावलांत तिच्या डोक्यात येऊन गेलं.

श्यामसुंदर साहेबांनी तुटलेली डबी हातात घेतली, फिरवून बघितली. तिनं सांगितलं ते सगळं ऐकलं.

"किती होत्या?"

"मोजल्या नाहीत साहेब."

"फोन किती वेळ चालला?"

तिनं फोन काढून दाखवला. बारा मिनिटं.

"म्हणजे चोवीस. आणि गेटपर्यंत जाणं-येणं?"

"पळत गेले होते. येताना... येताना पाय उचलत नव्हते."

"अजून चार-सहा धरा. अठ्ठावीस ते तीस." त्यांनी डबी टेबलावर ठेवली. "मला हाक का नाही मारलीत?"

"तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलत होता."

"तेच गिऱ्हाईक. याच डब्यांचं." मग बाहेर बघून ओरडले, "कल्याणी, इकडं या जरा."

कल्याणीनं आल्या-आल्या तुटलेली कड उजेडात धरली. प्रेमलाला वाटलं आता ही पोरगी बोलेल, काकू, तुम्हाला तर सांगितलं होतं. पण तिनं तेवढंच म्हटलं नाही. म्हणाली, "नुसतं बघून कळणार नाही. पण वाकवून कळेल. ज्यातले धागे उलगडलेत त्या डबीला वाकवल्यानं काही होत नाही, शंभरदा वाकवली तरी विकता येते. ज्यातले नाहीत ती शंभराच्या आत सांगेल."

"दोनशे चाळीस डब्या शंभर वेळा?" साहेब म्हणाले. "वा. आणि टेम्पोवाल्याला तोवर काय, भजन म्हणायला लावू?"

तरी त्यांनी दोन मशीन थांबवली. लांब टेबल मोकळं केलं. प्रेमला, नंदा, कल्याणी आणि पॅकिंगची राजनंदिनी, चौघी बसल्या. प्रत्येकीपुढं साठेक डब्या. शेडमध्ये एरवी मशीनचा आवाज, आज नुसता टकटकाट. कुणी बोलत नव्हतं, आकडा चुकायचा. नंदा पुटपुटत मोजत होती, राजनंदिनी दहा झाले की एक बोट दुमडत होती. चिरलेली डबी निघाली की मध्ये ठेवलेल्या टोपलीत टाकायची. पहिल्या पाऊण तासात अकरा. प्रेमला प्रत्येक डबीला मनातल्या मनात म्हणायची, तू चांगली निघ. आणि चांगली निघाली की घाबरायची, कारण मग वाईट अजून आतच आहेत.

चार वाजता टेम्पो आला. साडेचारला ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पावणेपाचला शेवटची डबी संपली. बोटं सुजली होती चौघींची.

टोपलीत चोवीस, आणि जेवणाच्या सुट्टीतल्या दोन. सव्वीस.

"दोन ते चार राहिल्या," प्रेमला म्हणाली.

"काकू, शेवटच्या दोन-तीन तुम्ही आलात तेव्हा कोमट होत्या म्हणालात ना. त्यांचे धागे उलगडले असतील."

"असतील?"

कल्याणीनं टोपलीकडं बघितलं. "बहुतेक."

"आणि शंभरला नाही, दीडशेला तुटणारी असली एखादी?"

"ते मी सांगू शकत नाही."

साहेब मघापासून दाराला टेकून उभे होते. सरळ बोलणं त्यांना जमत नाही, पण या वेळी ते सरळच बोलले. "प्रेमलाबाई, या चांगल्या ठरलेल्यांतली एक उचला. डोळे मिटून, कुठलीही. तुमच्या सासूबाईंना घरी न्याल?"

तिनं ढिगाकडं बघितलं. हात पुढं केला, आणि मग तो तसाच परत घेतला. पदराला पुसला.

"झालं तर," साहेब म्हणाले. "नंदाबाई, ग्राइंडर लावा. सगळ्या."

नंदाच्या तोंडून "चांगल्या पण?" असं निघालं, आणि तिनंच मान हलवली. टेम्पो पाच क्रेट घेऊन गेला. सहावा शनिवारी देतो, हा फोन साहेबांनी सगळ्यांच्या देखत केला, पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता, आणि साहेब "हो, आमची चूक" एवढंच म्हणत राहिले. कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही.

डब्या ग्राइंडरमध्ये प्रेमलानंच टाकल्या. ओंजळ-ओंजळ. कल्याणी शेजारी उभी राहून सांगत होती, की हा चुरा परत वितळवता येतो, पण धागे मध्ये तुटून आखूड होतात, म्हणून नव्या दाण्यात मूठभरच घालायचा. प्रेमला ऐकत होती का नव्हती कोण जाणे.

निघताना ती साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. उद्यापासून येऊ नका, हे ते कधी म्हणतायत याची वाट बघत.

ते कागदावर काहीतरी लिहीत होते. वर न बघता म्हणाले, "उद्यापासून मशीनचं लाल बटण तुम्ही पण दाबायचं. फोन आला, घेरी आली, काही झालं, आधी बटण. कसं ते सकाळी दाखवतो."

"आणि आतला माल जळला तर?"

"जळू द्या. जळलेला माल काळा पडतो, दिसतो तरी."

तिनं पिशवी खांद्याला लावली.

"उद्या मला तासभर उशीर होईल साहेब. सासूबाईंना डॉक्टरकडं न्यायचंय."

"मग आज सांगितलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. "डॉक्टरकडं तासभरात काही होत नाही, अकराला या. तोवर मशीन बंद ठेवतो."

बसमध्ये बसल्यावर तिनं मैनाला फोन लावला. गोदाबाई उठल्या होत्या, चहा मागत होत्या, बिनसाखरेचा नको म्हणून भांडत होत्या. प्रेमलानं विचारलं, हात कापतायत का. मैना म्हणाली, नाही गं. प्रेमलानं पुन्हा विचारलं.